नात अमेरिकेची, आजोबा तुळजापूरचे

शंका : माझी नात २०१९ साली न्यू जर्सीत जन्मली. तेव्हा मुलगा आणि सून दोघेही भारताचे नागरिक होते आणि कामाच्या व्हिसावर तिथे राहत होते. आमचे एक स्नेही म्हणतात, आई-वडील अमेरिकन नसल्यामुळे तिला तिथली राष्ट्राध्यक्ष कधीच होता येणार नाही. दुसरे म्हणतात, श्री ठाणेदारांना जिथे होता येत नाही, तिथे हिला कसे येईल? खरे काय? आणि ती उद्या इकडे परतली, तर आपल्याकडे राष्ट्रपती होऊ शकेल का?
– एक वाचक, तुळजापूर

उत्तर : आजोबांनी नातीसाठी एवढा लांबचा विचार करावा, हे छानच. दोन्ही स्नेह्यांचा अंदाज मात्र चुकला आहे. आजवर रूढ असलेल्या अर्थाप्रमाणे तुमची नात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाला जन्मापासून पात्र आहे.

ठाणेदारांपासून सुरुवात करू. बेळगावात वाढलेले, ‘ही श्रीची इच्छा’मुळे मराठी वाचकांच्या ओळखीचे झालेले श्री ठाणेदार १९७९ साली अमेरिकेत गेले आणि १९८८ साली रीतसर तिथले नागरिक झाले. २०२२ साली ते मिशिगनमधून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. त्या सभागृहासाठी वयाची २५ वर्षे आणि नागरिकत्वाची ७ वर्षे पूर्ण असली की पुरते. राष्ट्राध्यक्षासाठी अटी वेगळ्या आहेत : वय किमान ३५, देशात १४ वर्षे वास्तव्य आणि नागरिकत्व जन्मजात. ठाणेदारांचे नागरिकत्व नंतर मिळवलेले, म्हणून हे एक दार त्यांना बंद. तुमच्या नातीने काहीच मिळवलेले नाही. ती जन्मली तीच नागरिक म्हणून.

‘जन्मजात’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या अमेरिकेच्या राज्यघटनेत नाही आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही राष्ट्राध्यक्षपदाच्या संदर्भात तिचा थेट निकाल दिलेला नाही. म्हणून तर दर काही वर्षांनी वाद उठतो. बहुतेक कायदेपंडितांचे मत मात्र सरळ आहे : जन्माच्या क्षणी जो नागरिक असतो, ज्याला पुढे अर्ज करावा लागत नाही की शपथ घ्यावी लागत नाही, तो जन्मजात नागरिक. असे नागरिकत्व मिळण्याच्या वाटा दोन. एक जन्मभूमीची. १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ती पक्की केली आणि १८९८ साली वाँग किम आर्क खटल्यात, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेला मुलगा अमेरिकन नागरिकच आहे, असा निकाल लागला. दुसरी वाट आई-वडिलांची.

‘आई-वडील अमेरिकनच हवेत’ हा समज त्यामुळे टिकत नाही. १८८१ साली राष्ट्राध्यक्ष झालेले चेस्टर आर्थर जन्मले, तेव्हा त्यांचे आयरिश वडील अमेरिकेचे नागरिक नव्हते. कमला हॅरिस ओकलंडमध्ये जन्मल्या, तेव्हा त्यांची आई भारतीय आणि वडील जमैकाचे. ‘जन्म अमेरिकेच्या भूमीवरच हवा’ हा उलटा समजही तसाच. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मले. २००८ साली सिनेटने ठराव करून त्यांना जन्मजात नागरिक मानले. उमेदवारीसाठी लढलेल्या टेड क्रूझ यांचा जन्म तर कॅनडातला. अमेरिकन आईमुळे ते जन्मतः नागरिक ठरले.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. जानेवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेला आदेश तात्पुरत्या व्हिसावरील आई-वडिलांच्या मुलांबद्दल होता आणि तो लगेच न्यायालयात गेला. पण त्याचा रोख आदेशानंतर जन्मणाऱ्या मुलांवर होता. २०१९ सालच्या जन्माला त्याचा स्पर्श नाही.

राष्ट्राध्यक्ष जन्मजात नागरिकच हवा, ही अट आली कुठून? १७८७ साली राज्यघटना लिहिली जात असताना जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र पाठवून सेनेचे प्रमुखपद जन्मजात नागरिकाकडेच असावे, असे सुचवले होते. युरोपातला एखादा राजपुत्र येऊन सत्ता बळकावेल, ही तेव्हाची धास्ती. पण खुद्द वॉशिंग्टन जन्माने ब्रिटिश प्रजाजन! म्हणून घटना स्वीकारताना जे नागरिक होते, त्यांना सूट द्यावी लागली. स्वातंत्र्यानंतर जन्मलेला पहिला राष्ट्राध्यक्ष, मार्टिन व्हॅन ब्युरेन, १८३७ साली पदावर आला.

तुळजापूरकरांना हा पेच परका वाटू नये. तुमच्याकडची जी वडीलधारी माणसे १९४८ पूर्वी जन्मली, ती जन्माने निजामाची प्रजा होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निघून तुमच्याच तालुक्यातल्या नळदुर्गावरून हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत राज्य पालटले. पुढे घटनेच्या कलम ५ ने ही माणसे भारताची नागरिक झाली. हे कलम इतके निकडीचे होते, की बाकी घटनेच्या दोन महिने आधी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच ते अमलात आले. इथला जन्म आणि इथेच कायमचे वास्तव्य, एवढ्यावर कोणताही अर्ज न करता लोक नागरिक झाले. राष्ट्रपतींचेही तेच. राजेंद्रप्रसादांपासून रामनाथ कोविंदांपर्यंत सगळे स्वातंत्र्यापूर्वी जन्मलेले; १९५८ साली जन्मलेल्या द्रौपदी मुर्मू स्वतंत्र भारतात जन्मलेल्या पहिल्या राष्ट्रपती.

आपल्या घटनाकारांनी जन्माची अट घातलीच नाही. कलम ५८ एवढेच मागते : भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्यास पात्र आणि सरकारी लाभाचे पद नाही. नागरिकत्व कोणत्या वाटेने आले, हे ते विचारत नाही. मे १९९९ मध्ये शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या संदर्भात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदे जन्माने भारतीय असणाऱ्यांसाठीच राखावीत, अशी मागणी केली. काँग्रेसने तिघांना काढले आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्मला. पक्ष उभा राहिला; घटनेत मात्र बदल झाला नाही. मला तो न झाला हेच योग्य वाटते. राष्ट्रपती निवडणारे आमदार-खासदार उमेदवाराला पारखून घेऊ शकतात. नागरिकांत वरचे आणि खालचे असे दोन थर कायद्याने पाडले, तर ते मिटवणे फार कठीण.

राहिली नातीच्या परतण्याची गोष्ट. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि आपले ओसीआय कार्ड असेल, तर ती भारताची नागरिक नाही. ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ या नावामुळे पुष्कळांची फसगत होते. नागरिकत्व कायद्याचे कलम ७ब स्पष्ट सांगते, की या कार्डावर मतदानाचा हक्क नाही आणि कलम ५८ खाली राष्ट्रपतीपदाची पात्रताही नाही. मात्र कार्डाची पाच वर्षे आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य झाले, की सज्ञान झाल्यावर तिला नोंदणीने नागरिकत्व मागता येते. त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व सोडावे लागेल, कारण आपला कायदा दोन नागरिकत्वे एकत्र मानत नाही. तो निर्णय तिचा तिने घ्यायचा.

३५ वर्षे तिला २०५४ साली पूर्ण होतील. त्यानंतरची अमेरिकेतली पहिली निवडणूक २०५६ ची.