लहान धंद्याचा वकील

वकिली म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे एकच वाट येते: क्लॅट ही प्रवेश परीक्षा, राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि मुंबईच्या बड्या लॉ फर्ममधला पगार. महाराष्ट्रात अशी विद्यापीठे तीन आहेत, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे. जागा मोजक्या, बड्या फर्ममधल्या नोकऱ्या त्याहून मोजक्या. पण क्लॅट हुकली म्हणून वकिली हुकत नाही. राज्याची विधी सीईटी देऊन बारावीनंतर पाच किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. पुढे बार कौन्सिलची नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनद दोन्ही वाटांनी सारखीच मिळते.

या गडबडीत लहान उद्योगांची वकिली कुणाच्या यादीतच नसते. चाकणचा सुटे भाग पुरवणारा कारखानदार असो की इचलकरंजीचा यंत्रमागधारक, कायदा त्याला पहिल्या दिवसापासून लागतो. वकिलाकडे मात्र तो नोटीस हातात पडल्यावर येतो.

सुरुवातीला प्रश्न असतो धंदा कोणत्या नावाने आणि रूपाने करायचा याचा: एकट्याची मालकी, भागीदारी, मर्यादित दायित्वाची भागीदारी (एलएलपी) की कंपनी. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून ती टाळली जाते. पण १९३२च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या फर्मला कराराच्या आधारे बाहेरच्या देणेकऱ्यावर दावा लावता येत नाही. गाळा भाड्याने घेताना लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तोही अनेकदा साध्या स्टँपपेपरवर उरकला जातो.

धंदा चालू असताना खरे काम वसुलीचे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. दाद याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे मागता येते. निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एवढे धारदार हत्यार असूनही फाइल उघडली की दिसते ते असे: ऑर्डर फोनवर आलेली, डिलिव्हरी चलनावर माल घेणाऱ्याची सही नाही, दर ठरला तो व्हॉट्सॲपवर. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवावी लागते. एकतिसाव्या दिवशीच्या नोटिशीवर खटला उभा राहत नाही. ही कागदपत्रे वेळेवर नीट ठेवून घेणारा वकील धंदेवाल्याला कोर्टापासून वाचवतो.

शटर ओढले की धंदा संपला, हा समज सर्वांत महाग पडतो. जीएसटी नोंदणी रद्द करून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावे लागते. कंपनीचे नाव कंपनी निबंधकाच्या नोंदीतून काढून घ्यावे लागते. भागीदारी मोडल्याची जाहीर सूचना दिली नाही, तर एका भागीदाराच्या पुढच्या व्यवहाराचे देणे दुसऱ्याच्याही गळ्यात पडू शकते. बँकेला दिलेली वैयक्तिक हमी तर धंदा बंद झाल्यानेही सुटत नाही.

या कामासाठी ताळेबंद वाचता आला पाहिजे, जीएसटी समजला पाहिजे आणि अशिलाला कळेल अशा मराठीत करार लिहिता आला पाहिजे. जिल्हा न्यायालयातल्या ज्येष्ठ वकिलाकडची उमेदवारी आणि कर सल्लागाराच्या कार्यालयातला अनुभव, दोन्ही लागतात.

पहिली काही वर्षे कमाई तुटपुंजी असते, आणि नेमके तेव्हाच पालकांचा धीर सुटतो. इंजिनिअर झालेल्या चुलतभावाचा पगार ऐकवून किंवा ‘जज्जची परीक्षा दे’ म्हणून मागे लागून काही साधत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. म्हणजे त्या खुर्चीचा रस्ताही याच उमेदवारीतून जातो. घरात तेवढी वर्षे सोसण्याची तयारी नसेल तर प्रवेशाआधीच तसे स्पष्ट बोलावे. आणि ज्याला फक्त युक्तिवादाची हौस आहे, बिले-चलने चाळण्याचा कंटाळा आहे, त्याने या क्षेत्रात येऊ नये.