केळीवरील हरण्या रोग आणि पट्टी-चाचणी

केळीच्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे दिसू लागले की बागायतदारापुढे पेच पडतो. ही जस्ताची उणीव, की हरण्या रोग? उणीव असल्यास झाड खताने सुधारते. रोग असल्यास ते उपटण्यावाचून गत्यंतर नसते. निदान चुकले तर चांगले झाड हकनाक जाते, अथवा रोगट झाड बागेत राहून शेजारची झाडे बाधित होतात.

हरण्या रोग कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होतो. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल भागांत २०२० साली त्याचा उपद्रव झाला होता. मावा कीड रोगट पानाचा रस शोषून थोड्याच वेळात निरोगी झाडास रोग देते. या विषाणूवर औषध नाही. म्हणून रोग लवकर ओळखणे हाच खरा उपाय होय.

प्रयोगशाळेतून उत्तर येण्यास काही दिवस लागतात. पट्टी-चाचणी मात्र बांधावरच अर्ध्या तासाच्या आत उत्तर देते. पट्टीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असून त्यांस या विषाणूला पकडणारी प्रतिपिंडे जोडलेली असतात. रसात विषाणू असल्यास हे कण ठरावीक जागी अडकतात व तांबूस रेषा उमटते. करोनाची घरगुती चाचणीही याच तत्त्वावर चालते.

कृती : संशयित झाडाच्या कोवळ्या पानाचा लहान तुकडा सोबतच्या द्रावणात चांगला चुरडावा. पट्टीचे टोक खुणेपर्यंतच बुडवावे व माहितीपत्रकात दिलेला वेळ थांबावे. दोन रेषा आल्यास रोग आहे असे समजावे. फक्त नियंत्रण रेषा आल्यास विषाणू आढळला नाही. नियंत्रण रेषाच न आल्यास ती पट्टी बाद समजून दुसरी वापरावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पट्टी ज्या विषाणूसाठी बनविली असेल तोच ती दाखविते. शिवाय लागण नवी असताना विषाणू अल्प असल्याने तो निसटू शकतो. म्हणून लक्षणे वाढत गेल्यास पुन्हा चाचणी करावी, अथवा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा.

रोग ठरताच झाड समूळ उपटून बागेबाहेर नष्ट करावे, माव्याचा बंदोबस्त करावा, आणि केळीत वा बागेलगत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची ही पिके घेऊ नयेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चाचणी प्रथम एखाद्या बागेत सर्वांसमक्ष करून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेल्या रेषेवर शेतकऱ्याचा विश्वास लवकर बसतो.