अक्षर कळले, अर्थ कळला का?



आमच्या रात्रीच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. वर्गात एक आजी येत असत. वय साठीच्या पुढे. सहा महिन्यांत त्या जोडाक्षरे वाचू लागल्या. एके रात्री आम्ही त्यांच्या हाती योहानाच्या शुभवर्तमानाचे एक पान दिले. आजींनी बोट ठेवून, शब्दाला शब्द लावीत, सबंध पान वाचले. एकही चूक नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या.

मग शेजारच्या बाईने विचारले, "आजी, काय लिवलंय वो त्यात?"

आजी गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाचलं खरं. पर काय लिवलंय ते मास्तरांनाच इचार बया."

झाले! आम्ही उभे राहिलो आणि अर्धा तास बोलत राहिलो. आजी मान डोलावीत होत्या. आम्हांला वाटले, त्यांना सगळे समजले. दुसऱ्या रात्री आजी आल्या नाहीत. तिसऱ्या रात्री आल्या, तेव्हा म्हणाल्या, "मास्तर, तुमी लई चांगलं बोलला. पर मला जे पुसायचं हुतं, ते ऱ्हाऊनच गेलं."

चूक आमची होती. आम्ही अर्थ सांगितला, पण प्रश्न ऐकला नाही. आजींचा प्रश्न काय होता, ते शेवटी सांगू. आधी अशाच एका वाचकाची जुनी गोष्ट पाहू. ती पवित्र शास्त्रात, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात आहे.

रथात बसलेला वाचक

यरुशलेमेहून गाझाकडे एक रस्ता जात होता. ओसाड मुलुख. त्या रस्त्याने एक रथ चालला होता. रथात कूश देशाचा एक मोठा अधिकारी बसला होता. कूश देश म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेचा, नाईल नदीकाठचा मुलुख. आज त्या भागात सुदान देश आहे. तिथल्या राणीला कांदके म्हणत. कांदके हे तिचे नाव नव्हे, ती पदवी. हा अधिकारी राणीचा खजिनदार होता. तो राजवाड्यातला खोजा होता.

तो देवाची उपासना करायला यरुशलेमेस गेला होता. जाण्याची एक वाटच दीड हजार किलोमीटरांहून लांब. पण इतक्या दूरून येऊनही त्याला मंदिरात कुठवर जाता आले? परक्या देशाच्या माणसाला बाहेरच्या अंगणापुढे जाण्यास बंदी होती. शिवाय, खोजाने देवाच्या मंडळीत येऊ नये, असा नियम अनुवाद या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात लिहिलेला होता. पैसा होता, मान होता, रथ होता. पण देवाच्या दारी तो उंबऱ्याबाहेरचा!

परत जाताना तो यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत होता. त्या काळी छापील पुस्तके नव्हती. हाताने लिहिलेली लांब गुंडाळी असे. ती एका बाजूने उलगडायची, दुसऱ्या बाजूने गुंडाळायची. लोक बहुधा मोठ्याने वाचीत. हाही मोठ्याने वाचीत होता. आपल्या आजींसारखाच. अक्षर लागत होते, अर्थ लागत नव्हता.

फिलिप्पाने काय केले?

त्या रस्त्यावर फिलिप्प नावाचा माणूस आला. तो कोण होता? यरुशलेमेत विधवांना रोजचे अन्न वाटण्यासाठी मंडळीने सात जण निवडले होते. त्यांतला हा एक. वाढप्याचे काम करणारा माणूस.

त्याने काय केले, ते नीट पाहा.

पहिले, तो रथाजवळ गेला. लांबून हाक मारली नाही.

दुसरे, त्याने आधी ऐकले. हा मनुष्य काय वाचतो आहे, ते कान देऊन समजून घेतले.

तिसरे, त्याने विचारले. वाचता ते समजते का, एवढेच. खजिनदाराने लाज धरली नाही. कोणी वाट दाखविल्याशिवाय कसे समजणार, असे तो मोकळेपणाने म्हणाला. बघा, राणीचा खजिना सांभाळणारा माणूस हे बोलला! मग आपण विचारायला का लाजावे?

चौथे, खजिनदाराने वर बोलाविल्यावर फिलिप्प रथात चढला आणि शेजारी बसला. बोलाविल्याशिवाय चढला नाही.

पाचवे, खजिनदाराने जिथे बोट ठेवले होते, तिथूनच त्याने सांगायला आरंभ केला. ती ओळ एका दुःखी सेवकाविषयी होती. कापायला नेलेल्या मेंढरासारखा तो मुका राहिला, त्याला न्याय मिळाला नाही, असा तिचा भाव आहे. आजच्या पुस्तकात हा यशयाचा ५३ वा अध्याय. खजिनदाराने विचारले, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो? स्वतःविषयी की दुसऱ्याविषयी? हाच त्याचा खरा प्रश्न. फिलिप्पाने त्या प्रश्नापासून निघून येशूची गोष्ट सांगितली.

पुढे वाटेत पाणी लागले. खजिनदार आपणहून म्हणाला, इथे पाणी आहे, मग माझा बाप्तिस्मा व्हायला अडचण कोणती? हा प्रश्न त्याने का विचारला असेल? जन्मभर त्याला अडचणच सांगितली गेली होती. इथे मात्र कोणी अडचण सांगितली नाही. दोघेही पाण्यात उतरले.

नंतर फिलिप्प दुसरीकडे गेला. खजिनदार आनंदाने आपल्या देशाची वाट चालू लागला. फिलिप्पाने त्याला धरून ठेवले नाही.

आता एक गंमत पाहा. त्याच गुंडाळीत थोडे पुढे, आजच्या ५६ व्या अध्यायात, खोजांसाठी देवाचे वचन आहे. जो माझा करार पाळतो त्या खोजाला मी माझ्या घरात जागा देईन आणि मुलामुलींहून चांगले नाव देईन, असा त्या वचनाचा भाव आहे. खजिनदाराने पुढे तेही वाचले की नाही, हे शास्त्र सांगत नाही. पण गुंडाळी त्याच्या हातात होती. म्हणून आम्ही म्हणतो, शास्त्राची एकच ओळ धरून बसू नये. पुढे वाचावे. एका पानावर दार लावलेले दिसले, तर दुसऱ्या पानावर ते उघडलेले सापडते.

शास्त्र कसे वाचावे?

शेतकरी नवे रान घेतो, तेव्हा आधी बांधाबांधाने फिरून पाहतो. पाणी कुठून येते, माती कशी आहे, शेजारी कोण आहे, हे पाहतो. मग नांगर घालतो. शास्त्राचेही तसेच.

थोडेच वाचा. एक गोष्ट, एक उतारा. दोन वेळा वाचा. दुसऱ्या वेळी मोठ्याने वाचा.

मग स्वतःला विचारा: इथे कोण बोलतो? कोणाशी बोलतो? हे कुठे घडले? याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले?

न समजलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढा. रेघ ओढणे म्हणजे हार नव्हे. ती प्रश्नाची खूण आहे.

शेवटी विचारा: यातून देवाविषयी काय कळले? आणि उद्या सकाळी मी काय करावे?

सगळे एका दिवसात कळत नाही. त्याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात आहे.

केडगावच्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळी बायकांना संस्कृत शिकविणे पाप मानीत. शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीला शिकविले आणि त्या माउलीने लेकीला शिकविले. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ देशभर पायी फिरले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात कोणीतरी त्यांना संस्कृत बायबल दिले. एवढ्या मोठ्या पंडिता! पण त्यांना त्यात गोडी वाटली नाही. त्यातली भाषाच त्यांना परकी लागली. पुस्तक तसेच राहिले. पुढे आसामात सिल्चर येथे असताना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. ती मात्र त्यांनी आवडीने वाचली.

१८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या. तिथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या. तुम्ही हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या ४ थ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखविली गेली. रमाबाईंनी आधी काम पाहिले, मग वचन ऐकले. त्याच साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही त्या पुढे स्वतः सांगत, की धर्म आपल्याला तेव्हा मिळाला, पण ख्रिस्त ओळखायला आणखी आठ वर्षे गेली. पंडितेला आठ वर्षे लागली, तर आपण घाई का करावी?

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. पुढे पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली व बाया तिथे राहिल्या, जेवल्या, शिकल्या. रमाबाईंनी पाहिले, की मराठी बायबलातली भाषा या साध्या बायांना जड जाते. मग त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि सबंध बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. या कामाला बरीच वर्षे लागली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्याआधी थोडेच दिवस काम पुरे झाले होते. १९२४ साली ग्रंथ छापून निघाला. खिळे जुळविणे, छापणे ही कामे मुक्तीतल्या बायांनीच केली. ज्यांना काल अक्षर येत नव्हते, त्यांच्या हातांनी शास्त्र छापले गेले!

जी भाषा आपण चुलीपुढे बोलतो, त्या भाषेत वचन आले की ते काळजाला भिडते.

दुसऱ्याला कसे सांगावे?

आपल्याला चांगले पाणी लागले, तर आपण शेजाऱ्याला सांगतोच. विश्वासाचेही तसेच. पण सांगण्याची रीत असते.

आधी शेजाऱ्याच्या सुखदुःखाला उभे राहा. मग बोला. त्याने विचारले तर सांगा. थोडे सांगा, आणि खरे तेच सांगा. जे तुम्हांला ठाऊक नाही, त्याला 'ठाऊक नाही' म्हणा.

दुसऱ्याच्या देवाची निंदा करू नका. दुसऱ्याचे घर पाडून आपले घर उंच होत नाही.

पैसे, धान्य, औषध किंवा नोकरी यांचा लोभ दाखवू नका. भीती घालू नका. भुकेल्याला भाकरी द्यावी ती भुकेसाठी. तिच्या बदल्यात काही मागू नये. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम धर्म मानण्याचे, पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. त्याला सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा आहे. हेच कलम प्रत्येकाला मनाचे स्वातंत्र्यही देते. जसे तुमचे मन तुमचे, तसे शेजाऱ्याचे मन त्याचे.

शेजारी 'नको' म्हणाला, तर राग धरू नका. उद्याही त्याच्या दारी मिठासाठी जा, आणि तो आला तर त्याला मीठ द्या.

आजींचा प्रश्न

आता आजींकडे येऊ. त्या रात्री त्यांनी वाचलेले पान विहिरीवरच्या बाईचेच होते. आजींनी विचारले, "मास्तर, ती बाई भर दुपारची येकटीच पान्याला का आली? बाया तर सकाळच्या घोळक्यानं जात्यात."

आम्ही ते पान किती वेळा वाचले होते. हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. वेळ दुपारची होती, हे शास्त्रात आहे. ती एकटी का आली, हे सांगितलेले नाही. आम्ही या वेळी भाषण केले नाही. उलट विचारले, "आजी, तुम्हांला काय वाटते?"

आजी म्हणाल्या, "म्या बावीस वर्साची हुते तवा मालक गेलं. सकाळच्या पारी माजं तोंड दिसू नये म्हून बाया मागं सरायच्या. मग म्या बी दुपारचीच जायची. ऊन लागायचं, पर बोलनं लागायचं न्हाई."

वर्गात कोणी बोलेना. मग आजींनी पुन्हा पानावर बोट ठेवले. "आन् ह्यो येशू तिथंच बसलाय. दुपारचा. तिच्याकडंच पानी मागतोय." एवढे म्हणून त्यांनी डोळे पुसले.

पुढच्या आठवड्यात त्या एका तरुण विधवेला हात धरून वर्गात घेऊन आल्या. आम्ही विचारले, "हिला काय सांगितले?"

"काय सांगनार? म्हनलं, चल. तितं येक पान हाय. त्यात आपल्यासारकी बाई हाय."

विहिरीवरची बाईही असेच करते. घागर तिथेच ठेवते, गावात जाते आणि लोकांना म्हणते, या आणि पाहा.

विचार करा आणि सांगा

१. खजिनदार श्रीमंत होता, तरी तो उंबऱ्याबाहेरचा कसा?
२. फिलिप्पाने बोलण्याआधी कोणत्या गोष्टी केल्या?
३. रमाबाईंनी सोप्या मराठीत भाषांतर का केले?
४. योहान, अध्याय ४ घरी मोठ्याने वाचा. न समजलेल्या शब्दांखाली रेघ ओढा. एक प्रश्न वहीत लिहून आणा.

शब्दांचे अर्थ

खोजा – राजवाड्यातला नपुंसक केलेला सेवक
संदेष्टा – देवाचा निरोप सांगणारा
शुभवर्तमान – चांगली बातमी. येशूचे चरित्र सांगणारे पुस्तक
बाप्तिस्मा – ख्रिस्ती विश्वासाची खूण म्हणून होणारा पाण्याचा संस्कार
खिळे – छापखान्यातली धातूची अक्षरे