दुखण्याचीही नोंद वेळेवर करा



या पानावर मी नेहमी लागण, बेणे प्रक्रिया आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. आज विषय थोडा निराळा आहे, पण तोही आपल्या शेताशीच जोडलेला आहे. घरात मोठे दुखणे आले की पहिला घाव उसाच्या बिलावर बसतो आणि दुसरा जमिनीवर.

मागच्या गळीत हंगामात राजापूर भागातले एक सभासद गट ऑफिसात आले. आईच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले होते आणि ऊस अजून उभा होता. म्हणाले, "साहेब, बिलातून उचल मिळेल का?" उचल मिळाली. वाडीने वर्गणी काढली, मुंबईच्या मंडळाने पैसे पाठवले. तरी पुरले नाहीत, म्हणून बायकोचे दागिने गहाण पडले. आई बरी झाली, ही देवाची कृपा. पुढे बोलता बोलता कळले, की घरात शिधापत्रिका होती. "पण ती पांढरी. पांढऱ्या कार्डाला कुठे काय मिळते?" असे ते म्हणाले. हा नियम जुलै २०२४ मध्येच बदलला होता. त्यांना ठाऊक नव्हते आणि खरे सांगतो, तेव्हा मलाही ठाऊक नव्हते. उचलीच्या अर्जावर शिफारस मीच लिहिली होती. म्हणून हा लेख.

१. गावकी हा आपला जुना विमा

रत्नागिरीच्या माणसाला विम्याची कल्पना नवी नाही. वाडीत कोणी आजारी पडले तर डोलीला खांदा देणारे चौघे न बोलावता येत. मुंबईत चाकरमान्यांची गावमंडळे होती. महिन्याची वर्गणी जमवायची आणि अडलेल्याला द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा आला आणि गिरणीतल्या भावाला दवाखान्याचा आधार मिळाला. पण गावी नांगर धरणारा भाऊ त्या कायद्यात बसत नव्हता, कारण त्याला पगार नव्हता.

वर्गणीची एक अडचण आहे. ती दुखणे आल्यावर गोळा होते, आणि जेवढी ओळख तेवढीच जमते. ज्याचे गणगोत मोठे त्याला जास्त, एकट्या विधवेला कमी. विमा म्हणजे तीच वर्गणी, पण आधी गोळा केलेली आणि सर्वांना एकाच नियमाने वाटलेली.

२. विम्याचे गणित

उदाहरणादाखल समजा, १,००० कुटुंबे आहेत. वर्षाला त्यांच्यात ५ ऑपरेशने होतात आणि प्रत्येकी खर्च ६०,००० रुपये. एकूण ३ लाख. प्रत्येक कुटुंबाने ३०० रुपये दिले की भागले. आता ४०० कुटुंबे म्हणाली, "आम्ही धडधाकट, आम्हाला काय गरज?" उरली ६००. ऑपरेशने मात्र तेवढीच, कारण दुखणेकरी घरे कोणी बाहेर पडत नाहीत. वाटा झाला ५०० रुपये. मग आणखी काही जण सोडतात आणि वाटा पुन्हा वाढतो. सर्वांनी ऊस घातला तरच कारखान्याचे गाळप परवडते, तसेच हे.

३. शेजारच्या राज्यातला धडा

कर्नाटकात हे सहकारातून करून पाहिले गेले. डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून आणि राज्याच्या सहकार खात्यामार्फत २००३ साली तेथे 'यशस्विनी' योजना सुरू झाली. सहकारी संस्थेच्या सभासदाने वर्षाला माणशी ६० रुपये भरायचे, शासनाने थोडी भर घालायची आणि ठरलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया मोफत. पहिल्याच वर्षी सुमारे १६ लाख लोक सामील झाले. पैसे गोळा करायला नवी कचेरी काढावी लागली नाही. गावोगावची सोसायटी होतीच.

पुढे हप्ता १२० रुपये झाला, तेव्हा सभासदसंख्या एकदम घसरली. वरचे गणित तेथे प्रत्यक्ष दिसले. २०१८ मध्ये योजना बंद करून शासनाच्या सर्वसाधारण आरोग्य योजनेत मिळवली गेली. पण सहकारी सभासदांची मागणी राहिली आणि २०२२-२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. या वेळी ग्रामीण भागात चार माणसांच्या कुटुंबाला ५०० रुपये हप्ता आणि ५ लाखांपर्यंत संरक्षण ठेवले गेले. धडा हा, की नुसता शासनाचा पैसा पुरत नाही. घराघरांत जाऊन नाव नोंदवणारी संस्था लागते.

४. आपल्याकडे काय आहे

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पुढे सर्व राज्यभर झाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आरंभी कुटुंबाला दीड लाखाची मर्यादा होती आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही होती. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना, म्हणजे पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. हप्ता शासन भरते. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील वृद्धांना उत्पन्नाची अट न ठेवता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत स्वतंत्र कार्ड मिळू लागले.

मात्र दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. योजना ठरलेल्या रुग्णालयांतच चालते आणि ठरलेल्या उपचारांनाच चालते. साध्या तापाच्या गोळ्यांना नाही.

५. हे आजच करा

(अ) शिधापत्रिकेवर घरातील सर्वांची नावे आहेत का, पाहा. नवी सून, नवे मूल यांची नावे राहून जातात. नाव आधार कार्डाशी जुळते का, तेही तपासा.

(आ) आपला ऊस ज्या अणुस्कुरा घाटाने वर जातो, त्याच घाटाने आपला पेशंटही कोल्हापूरला जातो. गाडी निघण्याआधी कोणते रुग्णालय योजनेत आहे, याची चौकशी करा. फोन १५५३८८.

(इ) दाखल होताच तेथील 'आरोग्यमित्र' कोण, हे विचारा. पैसे भरण्याआधी त्याला भेटा.

(ई) विमा आहे म्हणून नको ते ऑपरेशन करू नका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. तातडी नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

(उ) आपल्या फडात येणाऱ्या टोळीलाही हे सांगा. त्यांचे कार्ड त्यांच्या जिल्ह्याचे असले तरी योजना राज्यभराची आहे. त्यांच्या घामावर आपले बिल निघते.

शेवटी एकच. योजना आली म्हणून गावकी संपली, असे मानू नका. घाटातून गाडी काढायला, रात्री उशाशी बसायला आणि मागे गुरांना वैरण घालायला शेजारीच लागतो. ते काम कोणत्याही कार्डावर होत नाही. पण पैशासाठी शेजाऱ्याला आणि जमिनीला हात लागू नये, एवढे कार्डाने होते. उसाची नोंद उशिरा केली तर तोड उशिरा येते. दुखणे मात्र तोडीची तारीख सांगून येत नाही.

येत्या पाळीला आमचे चिटबॉय ऊस नोंदीसाठी तुमच्या वाडीत येतील, तेव्हा शिधापत्रिकाही बाहेर काढून ठेवा. नाव राहिले असेल तर गट ऑफिसला या. अर्ज कसा भरायचा ते मी स्वतः दाखवीन.

कळावे,
आपला,
ऊस विकास अधिकारी