नर्सिंगनंतर परदेश: व्हिसाच्या रांगेत उभं राहण्याआधी

बीएस्सी नर्सिंगच्या सीईटीचा निकाल लागला की पालकांचा पहिला प्रश्न हल्ली कॉलेजबद्दल नसतो. ‘चार वर्षांनी अमेरिकेला जाता येईल ना?’ हाच असतो. याचं खरं उत्तर अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला जे व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात असतं. ते फुकट आहे, इंटरनेटवर कोणालाही बघता येतं, आणि तरीही एजंटाच्या कार्यालयात लाखाचा चेक लिहून देणाऱ्या घरांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलेलं असतं. परिचारिकांना ग्रीन कार्ड मिळतं ते ‘ईबी-३’ या वर्गात. २०२५ च्या उत्तरार्धात त्या वर्गात भारतासमोर छापलेली तारीख २०१३ सालातली होती. म्हणजे ज्यांचा अर्ज २०१३ मधल्या त्या तारखेच्या आधी दाखल झाला होता, त्यांचा नंबर आता लागत होता. आज बारावीत असलेली मुलगी तेव्हा बालवाडीत होती.

तिने आज अर्ज केला तर बारा वर्षांनी नंबर येईल, असा हिशेबही यातून काढू नका. २०१३ नंतर रांगेत उभे राहिलेले लोक आधीच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. शिवाय तारीख दर महिन्याला पुढेच सरकते असंही नाही. कधी ती थांबते, कधी मागे जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये तर ईबी-३ चा त्या आर्थिक वर्षाचा कोटा संपला आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत साऱ्या जगासाठी त्या वर्गातले व्हिसा बंद राहिले.

हे असं का होतं, ते समजून घेतलं की एजंटाचं बोलणं पारखता येतं. अमेरिका नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं देते. त्यातली साधारण ४०,००० ईबी-३ ची. त्यातच नोकरदारांचे नवरा-बायको आणि मुलं मोजली जातात. वर एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त नाही. भारताच्या रांगेत आधीपासून उभे आहेत ते मुख्यतः सॉफ्टवेअरवाले. आपली सिस्टर वॉर्डात काम करणार, पण उभी राहते ती त्याच इंजिनिअरांच्या मागे. परिचारिकांची टंचाई आहे हे अमेरिकन सरकारला मान्य आहे. म्हणूनच ‘या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही’ हे सिद्ध करण्याची अट त्यांच्या बाबतीत माफ आहे. त्यामुळे सुरुवातीचं काम लवकर उरकतं. रुग्णालय ‘आय-१४०’ अर्ज भरतं, तो मंजूर होतो, घरात पेढे वाटले जातात. पण मंजूर झालेला असतो तो अर्ज. व्हिसा अजून लांब असतो. आणि इथेच कुटुंबं फसतात: कोणी फसवलं नसतानाही.

‘नवा कायदा येतोय, नर्सेसना वेगळा कोटा मिळणार’ हे वाक्य तुमच्या कानावर येईलच. असे कायदे पूर्वी आले होते, हे खरं आहे. परिचारिकांसाठी १९८९ च्या कायद्याने एक तात्पुरता व्हिसा आला आणि १९९५ मध्ये संपला. १९९९ मध्ये दुसरा आला, तोही वर्षाला जेमतेम ५००, आणि २००९ मध्ये त्याचीही मुदत संपली. २००५ मध्ये न वापरलेले ५०,००० व्हिसा बाहेर काढून दिले, ते २००६ संपेपर्यंत उडाले. परिचारिका आणि डॉक्टरांना मिळून ४०,००० व्हिसा द्यावेत असं एक विधेयक २०२० पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय, मंजूर झालेलं नाही. उद्या झालं तर चांगलंच. पण विधेयकाच्या भरवशावर आज शेत गहाण टाकू नका.

‘मग एमएस्सी करून वरच्या वर्गातून जाऊ’ हा दुसरा सल्ला. त्या ईबी-२ वर्गातही भारताची तारीख २०१३ च्याच आगेमागे होती, आणि तिथे पदच एमएस्सी मागणारं असावं लागतं. वॉर्डातलं साधं स्टाफ नर्सचं पद त्यात बसत नाही. एमएस्सी जरूर करा, शिकवायचं असेल किंवा एखाद्या शाखेत मुरायचं असेल तर. रांग चुकवण्यासाठी नको.

आता एक गोष्ट, जी आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांनी आवर्जून तपासावी. अमेरिकेची रांग पासपोर्टावरून ठरत नाही, जन्म कुठे झाला यावरून ठरते. वडील मस्कतला किंवा कुवेतला नोकरीला होते, मुलगी तिथल्या इस्पितळात जन्मली, दोन वर्षांची असताना रत्नागिरीला आली आणि तिचा पासपोर्ट पूर्ण भारतीय आहे. तरी ती भारताच्या रांगेत उभी राहत नाही. ‘उर्वरित जगा’च्या रांगेत जाते. ती रांग २०२५ मध्ये २०२३ च्या आसपास होती. दहा वर्षांचा फरक कपाटातल्या एका जन्मदाखल्याने पडतो! नवरा भारताबाहेर जन्मलेला असेल तर त्याच्या जन्मदेशाचाही आधार घेता येतो. मुलाच्या जन्माचा मात्र आईवडिलांना उपयोग नाही. दुबईत बाळंतपण केलं म्हणून आईची रांग बदलत नाही.

याच्या उलट बाजू पोर्तुगीज पासपोर्टाची. गोव्यात १९६१ पूर्वी जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या हातात तो असतो. अमेरिकेसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण जन्म गोव्यातला, म्हणजे भारतातला. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनसाठीही नाही. पण जर्मनी किंवा आयर्लंडमध्ये त्या पासपोर्टवर व्हिसाच लागत नाही. सगळं वाट पाहणं एका झटक्यात संपतं. दोन गोष्टी मात्र उरतात. पदवी भारतीयच असल्याने तिची मान्यता घ्यावीच लागते. आणि भारतीय नागरिकत्व जातं, ते घरात नीट बोलून ठरवावं, कोणाच्या तरी आग्रहाखातर नव्हे.

ब्रिटनची स्थिती वेगळी आहे. तिथे नोंदणीकृत परिचारिकेच्या व्हिसाचा निकाल अर्जानंतर साधारण तीन आठवड्यांत लागतो. अडचण व्हिसाची नाही, जागेची आहे. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने परदेशी भरतीचा हात आखडता घेतला आहे. आणि इथे एक भेद पालकांनी पक्का लक्षात ठेवावा. ‘नर्स’ आणि ‘केअर वर्कर’ ही दोन वेगळी कामं आहेत. नर्सिंग झालेल्या कित्येक मुली एजंटाच्या सांगण्यावरून केअर वर्कर म्हणून गेल्या, ‘आत गेल्यावर नर्स होता येईल’ या आशेवर. त्या कामासाठी कुटुंब नेण्याची सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद झाली. आज कोणी ब्रिटनच्या केअर वर्करची जागा विकत असेल, तर उठून चालू लागा.

जर्मनीत वेळ खाते ती भाषा आणि मान्यता. जर्मन भाषेच्या बी-१ पातळीवर जाता येतं, पण परिचारिका म्हणून पूर्ण मान्यतेसाठी सहसा बी-२ लागते. शून्यापासून बी-२ म्हणजे रोज अभ्यास करूनही वर्ष-दीड वर्ष, आणि पुण्या-मुंबईच्या मॅक्समुल्लर भवनात परीक्षेची जागा मिळवणं हेही एक कामच असतं. मग मान्यता. जर्मनीची राज्यं १६, आणि मान्यता देण्याचं काम राज्याचं. तुमचा अभ्यासक्रम तिथल्याशी ताडून काय कमी पडतं याचं पत्र येतं. ती उणीव तिथे जाऊन प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढायची. तोवर मदतनिसाचं काम आणि मदतनिसाचा पगार. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. अशा योजनेत नाव नोंदवायला काहीच हरकत नाही. पण सरकारी करार म्हणजे व्हिसा नव्हे. नाव नोंदवून बसून राहिलेल्या मुलीपेक्षा स्वतः भाषा शिकलेली मुलगी आधी जाते, योजनेतून असो वा योजनेबाहेरून.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त महिने वाया जातात ते मात्र आपल्याच कागदांत, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मराठी घरातल्या मुलीची फाईल उघडून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आधी. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने. आधार लग्नानंतरच्या नावाने, आणि त्यात वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव. काही घरांत तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. आपल्याला यात वावगं काही दिसत नाही. परदेशातल्या तपासणी संस्थेतल्या माणसाला ही तीन वेगळी माणसं दिसतात. तो पत्र पाठवतो, आपण प्रतिज्ञापत्र करतो, ते पुरत नाही, मग राजपत्रात नावबदल, मग पुन्हा विद्यापीठाच्या फेऱ्या. यात सहा महिने सहज जातात. यावर उपाय साधा आहे: तिसऱ्या-चौथ्या वर्षालाच सगळे कागद एका नावावर आणा, आणि लग्न ठरलं तर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची घाई करू नका. ते बदलणं सक्तीचं नाही, हे सासूबाईंनाही शांतपणे सांगता येतं.

जन्मदाखला हा दुसरा अडसर. घरी जन्मलेल्या, उशिरा नोंद झालेल्या मुलींच्या दाखल्यात आईवडिलांची नावं अपुरी असतात. ग्रामपंचायतीत आता जाऊन दुरुस्त करा. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख लागल्यावर नव्हे. तिसरा, ट्रान्सक्रिप्ट. नुसते गुण पुरत नाहीत, प्रत्येक विषयाचे वर्गातले आणि वॉर्डातले तास लागतात: प्रौढ रुग्ण, बालरुग्ण, प्रसूती, मानसोपचार. मुलग्यांनी प्रसूतीच्या तासांकडे विशेष लक्ष द्यावं, जुन्या जीएनएमवाल्यांची गाडी हमखास तिथे अडते. कॉलेज चालू असताना, प्राचार्या ओळखत असतात तेव्हा हे काम तासाभराचं असतं. दहा वर्षांनी ते कॉलेज राहील की नाही, हेही सांगता येत नाही.

आणि कागदांना मुदत असते. इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. अमेरिकेसाठीचं व्हिसास्क्रीन प्रमाणपत्र पाच वर्षं. भारताची रांग याहून लांब आहे, म्हणजे आज घाईने काढलेलं प्रमाणपत्र नंबर लागेपर्यंत मरून जाणार. एनक्लेक्स ही अमेरिकेतल्या नर्सिंग परवान्याची परीक्षा मात्र अभ्यास ताजा असताना द्यावी. ती पुन्हा द्यावी लागत नाही आणि इतर देशांतही तिची किंमत आहे.

मग अमेरिकेचा अर्ज करूच नये का? करावा. ‘आय-१४०’ मंजूर झाला की तो दाखल केल्याची तारीख सर्वसाधारणपणे परिचारिकेची राहते. पुढे दुसऱ्या रुग्णालयाने अर्ज भरला तरी रांगेतली जुनी जागा धरता येते. म्हणून लवकर अर्ज करण्यात शहाणपण आहे. चूक आहे ती त्या अर्जाभोवती आयुष्य थांबवण्यात. ‘कॉल येईल’ म्हणून मुली नोकरी सोडून घरी बसतात. दोन वर्षं वॉर्डापासून दूर राहिलेल्या परिचारिकेला अमेरिका सोडा, पुण्यातलं चांगलं रुग्णालयही घेताना विचार करतं. ‘व्हिसा आला की लग्न’ हेही तसंच. अर्जानंतर लग्न झालं तरी नवऱ्याचा हक्क जात नाही. मुलांचं मात्र बघायला हवं: २१ वर्षांची झालेली मुलं सहसा आईच्या अर्जातून गळतात. पस्तिशीच्या परिचारिकेचा मुलगा आज दहा वर्षांचा असेल, तर तिने हे गणित मांडूनच ठरवावं.

या वर्षांत काय करायचं? आयसीयू, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, नवजात शिशू विभाग यांपैकी एकात सलग दोन-तीन वर्षं. आखातात गेलात तर उत्तम. तिथला व्हिसा तुलनेने लवकर होतो, पैसा साठतो, आणि रांगेतली भारताची जागा तशीच राहते. अमेरिका कधी झालीच नाही, तरी या वर्षांतलं काही वाया गेलेलं नसतं. मुलीला नर्सिंगला घालताना माझी एकच अट असते: परदेश वजा करूनही तिला हे काम करायचंय का? रात्रपाळी, उभं राहून बारा तास, घाण, रडणं, मृत्यू. उत्तर ‘नाही’ असेल तर जगातला कोणताही व्हिसा तिला त्यातून सोडवणार नाही, कारण तिथेही काम हेच आहे.

शेवटी पैसा आणि करार. परदेशी नोकरीसाठी नेमणूक करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. त्याहून जास्त मागितलं तर पावती मागा. पावतीचं नाव काढताच कित्येकांचा आवाज बदलतो. करारात ‘मुदतीआधी नोकरी सोडल्यास’ हे कलम शोधा आणि त्यापुढचा आकडा वाचा. फिलिपिन्सहून अमेरिकेत गेलेल्या परिचारिकांच्या करारात असाच २५,००० डॉलरचा दंड होता. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने तो लागू करता येणार नाही असं ठरवलं. पण तोवर त्या परिचारिकांनी काय सोसलं असेल! मूळ पदवी आणि पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका, ‘फक्त आठवडाभर’ म्हटलं तरी. सही करण्याआधी करार घरी आणा, दोन दिवस ठेवा, इंग्रजी नीट येणाऱ्या माणसाकडून शब्दन् शब्द समजून घ्या. आणि ‘अठरा महिन्यांत अमेरिका’ असं जो तोंडी सांगतो, त्याला तेच वाक्य लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून द्यायला सांगा.