एम.ए. अर्थशास्त्र : विशेष विषय निवडताना

बी.ए.चा निकाल लागतो, अर्थशास्त्रात एम.ए. करायचे ठरते, प्रवेशही मिळतो. मग पर्यायी विषयांचा फॉर्म हातात येतो आणि इथेच बहुतेक विद्यार्थी घाई करतात. कोणी मित्राने घेतलेला विषय घेतो, कोणी लोक सोपा म्हणतात तो. कापड घेताना आपण पोत बघतो, सुताचा नंबर विचारतो, पन्हा मोजतो. दोन वर्षांच्या शिक्षणाची निवड मात्र पाच मिनिटांत उरकतो.

मीही हेच केले. उर्दू माध्यमातून शिकून मी १९९४ साली एम.ए.ला बसलो. ज्या विषयाचे गाईड बाजारात मिळत होते तो घेतला. गुण मिळाले, पदवीही मिळाली. पुढे भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेचा अभ्यासक्रम हाती आला. त्यातील संख्याशास्त्राचा भाग पाहून मी तो कागद घडी करून ठेवला आणि वडिलांच्या गादीवर येऊन बसलो. धंद्याने मला पुरेसे दिले, तक्रार नाही. पण एक दार मी माझ्याच हाताने बंद केले. यंदा पुतणी तोच फॉर्म घेऊन आली. "चाचा, कोणता घेऊ?" तिला जे सांगितले तेच येथे मांडतो.

आधी ताणा, मग बाणा

मागावर आधी ताणा चढतो. तो कच्चा असेल तर बाणा कितीही चांगला भरा, कापड टिकत नाही. सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र, समग्रलक्षी अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र हा एम.ए.चा ताणा आहे. विशेष विषय हा बाणा. बरेच विद्यार्थी पर्यायी विषयाची चिंता करतात आणि संख्याशास्त्र कसेबसे पास होण्यापुरते वाचतात. येथे नुकसान होते.

विषय कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो?

विषयाच्या नावावर जाऊ नका. तो कोणता प्रश्न सोडवतो ते बघा. आपल्या कापडाच्याच धंद्यातून चार उदाहरणे देतो.

१) राजस्व : सरकार कर कसा बसवते आणि त्याचा भार शेवटी कोणावर पडतो, हा याचा प्रश्न. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला. कापडावर ५ टक्के आणि सिंथेटिक सुतावर ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के कर होता. समजा, विणणाऱ्याने १०० रुपयांचे सूत घेतले, त्यावर १२ रुपये कर भरला. कापड १५० रुपयांना विकले, त्यावर साडेसात रुपये वसूल झाले. वरचे साडेचार रुपये अडकले. ३१ जुलै २०१८ पर्यंत कापडाच्या बाबतीत या रकमेचा परतावाही मिळत नव्हता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिंथेटिक सुतावरचा दर ५ टक्के झाला. आम्ही व्यापाऱ्यांनी हे खिशाने शिकलो. राजस्वाचा विद्यार्थी ते कागदावर आधीच दाखवू शकतो.

२) आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र : १९७४ पासून श्रीमंत देश कापड आणि तयार कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावत होते. १९९५ पासून तो टप्प्याटप्प्याने कमी झाला आणि २००४ अखेर संपला. कोटा गेल्यावर कोणाचा माल चालला, कोणाचा पडला आणि का, हे या विषयात कळते. निर्यातीच्या कामात जाणाऱ्यांनी याचा विचार करावा.

३) कृषी अर्थशास्त्र : कापसाचा हमीभाव, साठवण, शेतकऱ्याचे कर्ज हे याचे विषय. महाराष्ट्रात १९७२ साली सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना हे मोठे उदाहरण. नाबार्डसारख्या संस्थेत जायचे असेल तर हा विषय उपयोगी.

४) औद्योगिक व श्रम अर्थशास्त्र : १९८२ चा मुंबईचा गिरणी संप, गिरण्या मागे पडणे आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांची वाढ, ही कहाणी या विषयाची आहे. आपल्या गल्लीतच अभ्यासाचे साहित्य पडलेले आहे.

अर्थमिती टाळू नका

वरचा कोणताही विषय घ्या, त्याच्या जोडीला अर्थमिती घ्या. सुताचा भाव दहा टक्के वाढला तर कापडाची मागणी किती घटेल, हे अंदाजाने मीही सांगतो. अर्थमिती आकडेवारीवरून ते मोजते आणि त्या मापावर किती भरवसा ठेवावा तेही सांगते. बँका, संशोधन संस्था, सरकारी खाती यांना असे मोजणारे लोक लागतात. आर्थिक सेवेच्या परीक्षेतही पहिल्या अर्थशास्त्र पत्रिकेत हा भाग आहे आणि तिच्या उत्तरपत्रिका इंग्रजीतूनच लिहाव्या लागतात.

आपल्या मुलामुलींची अडचण मला माहीत आहे. उर्दू किंवा मराठी माध्यम, दहावीनंतर गणित सुटलेले. यावर उपाय आहे. प्रवेशाआधीच्या सुट्टीत अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून फलन, अवकलन, आव्यूह आणि संभाव्यता हे पाठ करून नव्हे, सोडवून शिका. रोज दोन तास दिले तर भीती बरीच जाते. इंग्रजी वर्तमानपत्राचे अर्थविषयक पान रोज वाचा. गणना करण्याचे 'आर' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, त्याचा हात बसवा.

फॉर्म भरण्यापूर्वी

• विषय शिकवणारे प्राध्यापक विभागात प्रत्यक्ष आहेत का, ते विचारा. छापील यादीत नाव असलेला प्रत्येक विषय दरवर्षी शिकवला जातोच असे नाही.
• मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका वाचा. कोणते प्रश्न वाचून उत्सुकता वाटते, ते पाहा.
• पुढे जी परीक्षा द्यायची आहे तिचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून ताळा करा.
• त्या विषयात एम.ए. केलेल्या दोघांना भेटा. आज काय काम करतात, ते विचारा.
• पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आणि मुंबईत रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था याच क्षेत्रात आहेत. त्यांचे अभ्यासक्रम मागवून आपल्या विभागाच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहा.

पालकांनाही एक विनंती. "याने नोकरी लागेल का?" हा प्रश्न जरूर विचारा, पण मुलीला किंवा मुलाला त्या विषयातला एक प्रश्न समजावून सांगायला लावा. मनापासून सांगता आले तर निवड बहुधा बरोबर आहे.

पुतणीने राजस्व घेतले, सोबत अर्थमिती. अडकलेल्या साडेचार रुपयांचा हिशेब तिने मला पुन्हा मांडून दाखवला आणि त्यात भाड्याचा व मजुरीचा खर्च धरला नाही म्हणून माझी चूकही काढली. गणिताची वही आता रोज संध्याकाळी उघडते. फॉर्म भरण्याची तारीख जवळ आली असेल, तर आपणही आजच मागच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि वाचायला बसा.