जुने भिंग आणि त्याला साजेसा कॅमेरा

फिल्मवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी आढळते. भिंग कॅमेऱ्यापेक्षा जास्त टिकते. कॅमेऱ्यात स्प्रिंगा, दातेरी चाके, कापडी पडदे आणि स्पंजाच्या पट्ट्या असतात, आणि हे सारे वयोमानाप्रमाणे थकते. भिंग म्हणजे मुख्यतः काच आणि धातू. ते कोरडे ठेवले तर पन्नास वर्षांनीही चांगली प्रतिमा देते. त्यामुळे कॅमेरा केव्हाच भंगारात गेला आणि भिंग मात्र कपाटात राहिले, अशी पुष्कळ घरे आहेत. शाळेच्या विज्ञान मंडळालाही कोणी माजी विद्यार्थी अशी दोन-तीन भिंगे देऊन जातो. मग प्रश्न पडतो, की त्यांच्यासाठी कोणता जुना कॅमेरा घ्यावा?

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हा प्रश्न विचारला, तर विक्रेता भिंग हातात घेऊन समोरच्या कॅमेऱ्यावर फिरवतो आणि म्हणतो, "बघा, बसलं की!" भिंग बसले हे खरे. परंतु बसणे वेगळे आणि जुळणे वेगळे. फिल्मचा रोल आणि त्याची धुलाई आता स्वस्त राहिलेली नाही. न जुळणारा कॅमेरा घेतला तर त्याची किंमत तर जातेच, शिवाय प्रत्येक रोलबरोबर आणखी पैसे वाया जातात. ही जुळणी मोजून ठरवता येते, आणि त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान दहावीच्या पुस्तकात आहे.

बहिर्गोल भिंगावर फार दूरच्या वस्तूकडून आलेले किरण नाभीपाशी एकत्र येतात. म्हणून भिंगाची कडी अनंताच्या खुणेवर असताना फिल्म बरोबर नाभीच्या प्रतलात असली पाहिजे. वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते. तेव्हा आपण कडी फिरवतो आणि भिंग आट्यांवरून पुढे सरकते. पण अनंताच्या खुणेपलीकडे ते आत जाऊ शकत नाही. म्हणून कॅमेरा बनवणारा एक अंतर पक्के ठरवतो. भिंग ज्या कड्यावर टेकते, तेथून फिल्मपर्यंतचे हे अंतर. त्याला या लेखात आपण बैठक-अंतर म्हणू.

हे अंतर प्रत्येक घराण्याचे निराळे. एम४२ या आट्यांच्या बैठकीचे ४५.४६ मिलिमीटर, निकॉनचे ४६.५, कॅननच्या जुन्या एफडी बैठकीचे ४२, तर १९८७ मध्ये आलेल्या ईओएस मालिकेचे ४४. लायका पद्धतीच्या ३९ मिलिमीटर आट्यांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचे मात्र फक्त २८.८. एवढा फरक का? पहिल्या चारही प्रकारांत भिंगामागे ४५ अंशांत कललेला आरसा असतो. तो भिंगातून आलेली प्रतिमा वर दृश्यदर्शकाकडे पाठवतो आणि चित्र घेताना झटकन वर उचलला जातो. फिल्मवरील चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, म्हणजे आरसाही साधारण तेवढाच मोठा हवा, आणि त्याला हलायला जागा हवी. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो, म्हणून भिंग फिल्मच्या जवळ बसू शकते.

आता एक फसवी जोडी पाहू. रशियातील झोर्की हा लायकाच्या धर्तीवरचा रेंजफाइंडर कॅमेरा. त्यातच आरसा बसवून १९५२ च्या सुमारास झेनिट हा कॅमेरा तयार झाला. आट्यांचा व्यास ३९ मिलिमीटरच ठेवला, पण आरशासाठी बैठक-अंतर सुमारे ४५.२ करावे लागले. इंडुस्टार-५० हे ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग दोन्ही कॅमेऱ्यांसाठी निघाले. काच तीच, नळी वेगळी. झोर्कीचे इंडुस्टार जुन्या झेनिटवर अगदी सुरेख बसते. पण ते फिल्मपासून १६.४ मिलिमीटर जास्त दूर राहते. मग अनंताच्या खुणेवर कॅमेरा किती अंतरावरचे स्पष्ट पाहील?

भिंगाचे नाभीय अंतर f आणि भिंग नाभीपेक्षा जितके जास्त दूर सरकले ते अंतर d मानू. म्हणजे प्रतिमेचे अंतर f + d. भिंगाच्या नेहमीच्या सूत्रात ही किंमत घातली, की वस्तूचे अंतर f²/d + f असे येते. हे स्वतः सोडवून पाहा, दोन ओळींचे काम आहे. f = ५० आणि d = १६.४ घातल्यास उत्तर सुमारे २०२ मिलिमीटर, म्हणजे २० सेंटिमीटर! त्यापलीकडचे सारे जग धूसर. फुलाचे चित्र काढता येईल, पण फूल धरलेल्या माणसाचे नाही.

आता फरक थोडासाच असेल तर? एम४२ चे ५० मिलिमीटरचे भिंग निकॉनच्या कॅमेऱ्यावर लावायचे आहे असे समजू. फरक केवळ १.०४ मिलिमीटर. सूत्रात घातले तर २.४५ मीटर येतात. त्यात जोडकडीची स्वतःची जाडी मिळवली की अंतर आणखी घटते. एका मिलिमीटरने डोंगर, इमारती आणि वर्गाचा सामूहिक फोटो हातचे जातात. याच्या उलट, कॅमेऱ्याचे बैठक-अंतर भिंगाच्या अंतरापेक्षा कमी असेल तर उरलेली जागा कडी घालून भरून काढता येते. एम४२ भिंग ईओएसच्या फिल्म कॅमेऱ्यावर दीड मिलिमीटरच्या पातळ कडीने चालते ते यामुळेच. मात्र काही भिंगांचा मागचा भाग आत इतका शिरतो, की आरसा त्यावर आपटतो. लावण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. जास्तीचे अंतर कापून कमी करता येत नाही. अंतर्गोल काच घातलेल्या जोडकड्या बाजारात मिळतात, पण चांगल्या भिंगामागे सामान्य काच लावून त्याची धार घालवणे मला पटत नाही.

तेव्हा हाती आलेल्या अनोळखी भिंगाचे बैठक-अंतर आधी मोजावे. खोली अंधारी करून एकच खिडकी उघडी ठेवा. भिंग अनंताच्या खुणेवर आणा, छिद्र पूर्ण उघडा आणि भिंग खिडकीबाहेरच्या दूरच्या इमारतीकडे रोखा. मागे ट्रेसिंग पेपर धरून पुढेमागे करा. इमारतीची उलटी प्रतिमा सर्वांत रेखीव दिसेल तेथे थांबा आणि भिंग जेथे कॅमेऱ्यावर टेकते त्या सपाट कडेपासून कागदापर्यंतचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. इमारत शंभर मीटरवर असली तरी पुरे. ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी त्यामुळे पडणारा फरक f²/u, म्हणजे २५००/१०००००, केवळ ०.०२५ मिलिमीटर होतो. मापन दहा वेळा करून सरासरी घ्या.

कागदाच्या कणांमुळे आणि डोळ्याच्या मर्यादेमुळे मिलिमीटरचे दोन-तीन दशांश इकडेतिकडे होतील. २८.८ की ४५ हे निःसंशय कळेल, ४२ की ४४ हेही कळेल. ४५.२ आणि ४५.४६ यांतला फरक मात्र या प्रयोगात सापडणार नाही. तो आट्यांचा व्यास मोजून ठरवा. ३९ असेल तर जुने झेनिट आणि ४२ असेल तर एम४२.

मापन ४२ व ४५.५ आले तर तुमचे नशीब चांगले. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे १९४९ च्या सुमारास सुरू झालेली ही बैठक पुढे प्राक्टिका, पेंटॅक्स, फुजिका, चिनॉन, झेनिट अशा अनेकांनी स्वीकारली. पेंटॅक्सने १९७५ मध्ये आपली के बैठक आणली, तेव्हा बैठक-अंतर तेच ठेवले. त्यामुळे बैठकीच्या आत मावणारी कडी घालून जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यांवर चालू शकली. जुन्या गिऱ्हाइकांचा एवढा विचार फार थोड्या कारखान्यांनी केला आहे.

अंतर जुळले तरी छिद्राची गोष्ट उरते. दृश्य पाहताना छिद्र पूर्ण उघडे हवे आणि चित्र घेताना ते ठरावीक आकडयापर्यंत मिटायला हवे. एम४२ च्या पुष्कळ भिंगांच्या मागे एक बारीक खिळा असतो. कॅमेऱ्यातील पट्टी बटन दाबताच तो आत ढकलते. झेनिट-ई मध्ये ही पट्टी नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या हेलिओस-४४-२ या भिंगाचे छिद्र हातानेच मिटवायचे असते, म्हणून ती जोडी उत्तम. पण केवळ खिळ्यावर चालणारे भिंग झेनिट-ई वर लावाल, तर एफ/१६ ठेवूनही चित्र पूर्ण उघड्या छिद्रानेच निघेल. भिंगावर स्वयंचलित व हाती अशी निवड करणारी कळ असेल तर अडचण नाही.

निकॉनची गोष्ट अधिक जपून हाताळावी, कारण तेथे मोडतोड होते. निकॉनची बैठक १९५९ पासून तीच आहे, पण छिद्राचा आकडा कॅमेऱ्याला कळवण्याची पद्धत १९७७ मध्ये बदलली. त्याआधीची भिंगे लावायची तर एफएम (१९७७) किंवा एफई (१९७८) घ्यावा. त्यांच्या बैठकीजवळची छोटी पट्टी बोटाने वर दुमडता येते. पुढच्या एफएम२ मध्ये (१९८२) ती दुमडत नाही. न बदललेले जुने भिंग जोराने बसवले की पट्टी मोडण्याचा धोका असतो. म्हणजे महागडा आणि नवा कॅमेरा येथे गैरसोयीचा ठरतो.

कॅननची एफडी भिंगे असतील तर ईओएसचा नाद सोडा. ४२ आणि ४४ चे गणित आता तुम्हीच करा. त्यांना एफडी बैठकीचाच कॅमेरा हवा. त्यात एई-१ (१९७६) लोकप्रिय, पण त्याचे शटर घटावर चालते. घट संपला की कॅमेरा मुका. शाळेसाठी मी एफटीबी सुचवीन. त्याचे शटर यांत्रिक आहे, घट फक्त प्रकाशमापकाला लागतो.

शटरची परीक्षा विकत घेण्यापूर्वीच करावी. पाठीमागचे झाकण उघडून कॅमेरा दिव्यासमोर धरा, भिंग काढून ठेवा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे मंदगती चित्रण करा. १/३० सेकंदाला आठ चौकटींत उजेड दिसायला हवा आणि १/६० ला चार. त्यावरच्या गतींसाठी ही पट्टी फार मोठी पडते.

खरी मेख मात्र वरच्या गतींतच असते. तेथे दोन पडदे एकामागोमाग धावतात आणि त्यांमधील फट फिल्मवरून सरकते. समजा, पडद्यांना ३६ मिलिमीटर ओलांडायला २५ सहस्रांश सेकंद लागतात. १/५०० सेकंद म्हणजे २ सहस्रांश, म्हणून फट जेमतेम ३ मिलिमीटरची. वंगण घट्ट झाल्यामुळे मागचा पडदा एक सहस्रांश सेकंद रेंगाळला, तर प्रकाश दीडपट होतो. हाच उशीर १/३० ला झाला तर फरक तीन टक्के, कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून विक्रेत्याने मंद गती ऐकवून "आवाज बघा किती छान" म्हटले, तरी तेवढ्यावर जाऊ नये. शक्य असेल तर एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत फोटोट्रान्झिस्टर आणि ऑसिलोस्कोप लावून चौकटीच्या डाव्या, मधल्या व उजव्या भागी प्रकाशाचा काळ मोजावा. तिन्ही काळ सारखे आले तर आकडा थोडा चुकीचा असला तरी चालतो, कारण तेवढी सुधारणा आपण छिद्राने करू शकतो. तिन्ही निराळे असतील तर आकाश एका बाजूला काळवंडेल आणि त्यावर उपाय नाही.

प्रकाशमापक बंद असणे ही मला फारशी मोठी उणीव वाटत नाही. लख्ख उन्हात १०० गतीच्या फिल्मसाठी एफ/१६ आणि १/१२५ सेकंद हा ठोकताळा चालतो. तरीही चालू मापक असेल तर त्याचा घट कोणता ते विचारा. १९६०-७० च्या दशकांतील बरेच मापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या घटावर बेतलेले होते. पारा विषारी असल्याने हे घट बाजारातून गेले. त्याजागी १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड घट घातला, की साध्या मंडलात विद्युतधारा वाढते, काटा जास्त उजेड दाखवतो आणि चित्र अंधारे येते. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये मात्र मापक व्हीटस्टन सेतूसारखा जोडलेला आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांना आठवेल, की सेतू संतुलित होण्याची अट रोधांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते आणि घटाचे विभवांतर तिच्यात येतच नाही. म्हणून तेथे नवा घट चालतो. जुन्या कॅमेऱ्यात पाऱ्याचा घट अडकलेला आढळलाच तर तो उघड्या हाताने उकरू नका आणि कचऱ्यात टाकू नका. शिक्षकांच्या हवाली करा.

भिंगाची तपासणीही करायची. मागून विजेरीचा झोत टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का पाहा. ती बुरशी. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, चामडी पिशवीत पावसाळे काढलेल्या भिंगांना ती हटकून धरते आणि काचेवरील लेप खाते.

सारे जमून कॅमेरा घरी आला की पहिला रोल परीक्षेसाठी ठेवा. वर्तमानपत्राचे पान भिंतीला न लावता टेबलावर तिरपे पसरा, मधल्या एका ओळीवर खूण करा आणि छिद्र पूर्ण उघडून त्या ओळीवर नेमके केंद्रित करा. एफ/२ ला फिल्म किंवा आरसा ०.०६ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीने चुकला, तरी रेखीवपणा दुसऱ्या ओळीवर जाऊ लागतो. असे चार फोटो दरवेळी नव्याने केंद्रित करून घ्या आणि धुतलेली निगेटिव्ह दहापट वाढवणाऱ्या भिंगाखाली वाचा. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर ती तुमच्या डोळ्यांची. चारही वेळा एकाच बाजूला असेल तर आरसा किंवा घासकाच जागेवरून हललेली आहे, आणि ती बसवणे हे कारागिराचे काम.